गुडघ्यांची गाडी

एवढ्या मोठ्या बसमध्ये माणसं तीनच. पुढे पुस्तकात डोकं खुपसलेली शिंप्याची पोर, आणि कंडक्टरच्या मागच्याच बाकावर दोन म्हाताऱ्या जावा. कंडक्टर खिडकीबाहेर बघत होता, पण कान मागेच होते.

"अहो जाऊबाई, शहरात जाऊन करायचं काय आपण?"

"काही नाही. उतरायचं, पाणी प्यायचं, परतीच्या गाडीत बसायचं."

"आणि कंडक्टरनं विचारलं तर?"

"गुडघा दाखवायला निघालोय म्हणायचं."

"गुडघा काल सुतारानं सांगितला. परवा गवंड्यानं."

"मग तू कंबर सांग."

"माझी कंबर ठणठणीत आहे हो!"

"अगं, जरा वाकून चाल. गाडीत माणसं दिसली नाहीत तर ही फेरी बंद करणार आहेत. मग पोरीनं नर्सिंगच्या कॉलेजात जायचं कसं?"

"तेही खरंच. बाकीची सगळी पोटामागे गेली. गावात तरणं म्हणून तेवढंच उरलंय."

"शिकली की पहिली सुई तुलाच टोचायला सांगते."

"टोचू दे. तेवढाच कोणीतरी हात धरेल. पण तिला ठाऊक आहे का हे?"

"छे! कळलं तर लाजेनं घरी बसेल. हळू बोल."

शहर आलं. पोर टुणकन उतरून पळाली. धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून कण्हत उठली.

"बसा आजी, उतरू नका," कंडक्टर म्हणाला. "हीच गाडी परत जाते. पाणी मी आणतो. आणि उद्या ज्यांची यायची पाळी असेल त्यांना म्हणावं, दात दुखतोय म्हणून गाल धरून या. गुडघे फार झाले."