पडद्यावरचे सत्तर

अहो, काय म्हणून बघायचं त्या पडद्याकडं? सांगा ना! माणूस समोर पडलाय, ओठ निळे, अंग गार, अन् सगळे माना वर करून टीव्ही बघून राहिले... म्हणे, "सत्तर!"

तुम्हाला सांगतो, मी शिवशंकर, लोह्याच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय. पण हे गाऱ्हाणं माझं न्हाई, दिपाली शिस्टरचं हाय. ती बोलत न्हाई, म्हणून मी बोलतो.

झालं काय, भर दुपारी व्यंकटरावांना आणलं. शेतात चक्कर येऊन पडलेले, ठोके मिनिटाला अठ्ठावीस! संगं बायको विठाबाई अन् लेक दयानंद. दयानंद शाळेत मास्तर, म्हणजे त्याला सगळंच ठाऊक! डॉक्टर राघवेंद्र नवीन, पण माणूस भला. त्यांनी छातीला-पाठीला पॅड चिकटवले, मशीन लावली, मिनिटाला सत्तरावर. ती बाहेरून करंट देती, हृदयानं तो पकडायचा अन् धडकायचं. करंट बसला की म्हाताऱ्याची मान उडतीया, खांदे उडतेत... अन् पडद्यावर सत्तर! दयानंद लगेच फोनवर, "हां मामा, सेव्हन्टी! एकदम रेग्युलर!"

दिपाली म्हणली, "सर, हे खरं वाटत न्हाई. मशीन आपलाच झटका ठोका म्हणून मोजतीया. हृदयानं पकडलंच न्हाई."

डॉक्टरांनी गळ्याला बोटं लावली, "अहो, मानेवर नाडी लागतीये की!"

"सर, आख्खी मानच उडतीया... तिथं काहीबी लागंल!"

अन् तिनं सरळ जांघेत बोटं दाबली. तिथं झटके पोचत न्हाईत, खरी नाडी कळती. झालं! दयानंद उसळला, "ओ शिस्टर, लाज हाय का? नाडी हाताला असती!" तिचा हात ओढूनच काढला. अन् डॉक्टर? डॉक्टर नांदेडच्या मोठ्या दवाखान्याला फोन करून राहिले, "पेशंट स्टेबल हाय, सत्तर!" दहा मिनिटं गेली हो. दहा! सत्तरापुढं कोण बोलणार?

मग व्यंकटरावांचे डोळे फिरले. दिपालीनं काय करावं? डॉक्टरांचं मनगट धरलं अन् त्यांचीच बोटं म्हाताऱ्याच्या जांघेत दाबली. "मोजा सर."

डॉक्टर मोजून राहिले... अन् पांढरे पडले. "सव्वीस..."

करंट वाढवला. साठ मिलिअँपचा ऐंशी, ऐंशीचा एकशे दहा... तवा कुठं बोटाखाली धप्, धप्, धप्! ओठांना रंग आला. शुद्ध आली, तसा म्हातारा झटक्यांनी असा कळवळला की विठाबाईंनी कानावर हात ठेवले. गुंगीचं इंजेक्शन दिलं, तवा शांत झाला. अन् पडद्यावर? सत्तर! आधीबी सत्तर, नंतरबी सत्तर! दयानंद विचारतो, "मग बाबांचे हाल करून या शिस्टरनं मिळवलं काय?" लेखी तक्रार दिली हो! दिपालीनं खुलासा लिहिला, दोन पानं. कोणी वाचला असंल? ती मात्र मला एवढंच म्हणली, "शिवशंकरभाऊ, डॉक्टरांचा हात मी सुरुवातीलाच धरायला पाहिजे होता."

नांदेडला छातीत कायमची मशीन, पेसमेकर, बसवली. व्यंकटराव जगले. पण ती दहा मिनिटं मेंदूला रक्त पुरलं न्हाई, ते न्हाईच. डॉक्टरांनी विठाबाईंना सांगितलंय, रोज सकाळी नाडी मोजायची. त्या मनगट धरतेत, तर म्हातारा हात झटकून विचारतो, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

पहिले आठ दिवस रडल्या बिचाऱ्या. आता म्हणतेत, "शिस्टर हाय मी. पडा गप."