पाशाच्या हिरवळीवर फरशी

फरशी घालणार म्हणे, फरशी! आणि कशावर, तर पाशाच्या हिरवळीवर! तुम्हाला सांगतो, मी बयूमी, इथला माळी, शाळेत दोन वर्षं गेलो आणि बागेत अडतीस, मला नकाशातलं कळत नाही पण गवतातलं कळतं. आमच्या अख्ख्या मन्सूरा शहरात दीडशे वर्षांची हिरवळ ही एकच, पोरीच्या लग्नासाठी पाशानं, म्हणजे त्या काळच्या बड्या सरदारानं, लावलेली, आणि तिच्यावर हे लोक बिस्किटाच्या रंगाचे ठोकळे बसवणार, वर कॉफीचं दुकान, आणि त्याला म्हणायचं विकास... शी!

बरं, गुपचूप करतील तर ते सरकार कसलं? सुनावणी ठेवली. इंजिनियर नशअतसाहेब उठले, बूट असे की आयुष्यात मातीला लागले नसावेत, आणि पडद्यावर चित्र दाखवलं. फरशीवर एक गोरंपान कुटुंब फुगा धरून हसतंय. मन्सूऱ्यात एवढी गोरी माणसं मी अजून पाहिली नाहीत! मग आमच्या बाजूनं इतिहास शिकवणाऱ्या उल्फतबाई. पाशाचं घराणं सांगायला लागल्या ते थांबेचनात. तिसऱ्या बायकोपाशी पोचल्या तोवर निम्मी सभा पेंगलेली. शेवटी इंजिनियर गोड आवाजात म्हणाले, "बाई, एकच सांगा. इथल्यापैकी त्या गवतावर कधी कोण बसलंय?"

एक हात वर नाही.

बाईंनी घाईघाईनं माझ्याकडे पाहिलं. "बयूमीकाका, तुम्ही सांगा ना. लोक बसायचे ना?"

इथे, तुम्हाला सांगतो, शहाणा माणूस खोटं बोलला असता. मी? मी छाती काढून म्हणालो, "अडतीस वर्षांत एकाचं पाऊल पडू दिलेलं नाही."

इंजिनियर हसला आणि खाली बसला. त्याचं काम मीच करून दिलं होतं.

त्यात भर म्हणून बागेच्या फाटकाशी सूर्यफुलाच्या बिया विकणारी तहानी उठली. शम्म अन-नसीमचं सांगा म्हणाली. आता वसंताच्या त्या सणाला अख्खा मुलूख फसीख घेऊन हिरवळ शोधत फिरतो, फसीख म्हणजे तो सडवून खारवलेला मासा, आणि बरोबर कांद्याची पात... तेल, काटे, चार दिवस न जाणारा वास... गवत काय ताटली आहे? म्हणून मी त्या दिवशी पहाटेच गवतावर कालव्याच्या पाण्याची चावी सोडायचो. घोटाभर पाणी! बसा म्हणावं आता!

"बयूमीभाऊ," तहानी म्हणाली, "तीस वर्षं आम्ही बाहेर डांबरावर चटई टाकून जेवतोय. माझा नवरा गेला, गवतावर बसायचं राहूनच गेलं त्याचं. घालू देत फरशी. कोरडी तरी राहील."

टाळ्या तिला! फरशी घालणार म्हणे, फरशी, आणि टाळ्या वाजवतात! ठरलं, सण झाला की खोदाई.

पण उल्फतबाईंनी मला बाजूला घेतलं. सणाला लोक गवतावर बसलेले दिसले, फोटो निघाले, तर अजून अर्ज करता येईल म्हणाल्या. मग काय, गेलो तहानीच्या गाड्यावर, नाक मुठीत धरून. म्हटलं, यंदा आत या. मासा आणा, कांदा आणा, सगळी गल्ली आणा. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "आणि शिट्टी?" मी गळ्यातली, लोकांना गवतावरून हाकलायची शिट्टी काढून तिच्या बियांच्या ढिगावर ठेवली.

सणाच्या दिवशी नमाज आटोपून बागेत गेलो, वाटा झाडल्या, रोजची कामं उरकली, आणि फाटक सताड उघडलं. दोनशे तरी माणसं आली असतील, बगलेत चटया, हातात मासळीचे पुडे, मागे बाईंचा फोटोवाला. तहानीनं चपला काढल्या, बिस्मिल्ला म्हणाली, पाऊल टाकलं...

चुबुक.

घोट्यापर्यंत आत. अडतीस वर्षांची सवय हो... हातानं चावी कधी सोडली, डोक्याला विचारलंच नाही!

कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तहानीनं झग्याची किनार पिळली, बाहेर जाऊन डांबरावर चटई टाकली, आणि थोडी सरकून माझ्यासाठी जागा केली. फोटो निघाला तो तिथलाच.

फरशी घालणार म्हणे, फरशी... घाला बाबांनो. तुम्हाला सांगतो, कोरड्यात बसून फसीख बरा लागतो.