तळहाताचं माप

मंडळी, एक सांगा — भरल्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन घरी यावं, यात अभिमान कसला? नाही ना? मग ऐका! आणि माळकऱ्यांनो, आज कथेत मासे आहेत. कानात बोटं घाला, पण घट्ट नको — गोष्ट गोड आहे!

रेवदंड्याच्या मथुराबाईंना विहीणबाईंचा निरोप आला. "तुमची लेक बाजारात जाते नि हात हलवत परत येते. हेच शिकवलंत? रविवारी तिला घेऊन जेवायलाच येते, बघते तुमच्याकडची रीत!" अहो, लेकीची लाज पणाला लागली! आता पानात पापलेट हवंच!

मथुराबाई बाजारात. कोळीण म्हणाली, "ये गो बाय, चांदीवानी पापलेटं हायेत!" बाईंनी एक उचलून तळहातावर ठेवलं. बाईंना त्यांच्या सासूबाईंची शिकवण — मासा तळहाताबाहेर गेला तर आपला, आत मावला तर दर्याचा! त्याला अजून अंडी घालायचीत, वंश वाढवायचाय. आणि हे पापलेट? बोटांपर्यंतही पोचेना!

आता आली पंचाईत, मंडळी! एकीकडे लेकीची अब्रू, एकीकडे इवलंसं पिल्लू. तुम्ही काय केलं असतं? खरं बोला, देवळात बसलायत!

"घे गो, कोन बगतंय?" कोळीण म्हणाली.

"आज मी घेतलं, तर उद्याही हीच पिल्लं धरतील," बाई म्हणाल्या नि मासा खाली ठेवला. पुढच्या टोपल्यांतही तेच!

मग पानात काय वाढलं? सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, आमटी नि तांदळाची भाकरी! विहीणबाईंनी पान न्याहाळलं. "पापलेट मिळालं नाही?"

"मिळत होतं. तळहातात मावत होतं. तसलं आमच्या चुलीवर चढत नाही."

विहीणबाईंचा घास हातातच राहिला! सुनेकडे वळल्या. "तूही हेच म्हणत होतीस गं — मासे लहान होते म्हणून. मला वाटलं, चिकटपणाची सबब!"

लेक गालात हसली. आणि मथुराबाई? डोळे भरले, पण मान ताठ!

"सोडे वाढा अजून," विहीणबाई म्हणाल्या, "नि माझ्या सुनेला यापुढे कुणी नावं ठेवायची नाहीत. मीसुद्धा!"

मंडळी, देवापुढे आपण हात पसरतो तो मागायला. उद्या माशाच्या टोपलीपुढेही पसरा — मापायला! आणि रिकामी पिशवी बघून दारात कुणी विचारलं, "काय आणलंत?" तर छाती ठोकून सांगा — "नातवंडांचं जेवण दर्यात ठेवून आलोय!"