पाठ लागली तरी

“ते सगळं खोटं असतं रे” एवढंच म्हणून तुम्ही लोकांनी किती पोरांचा आनंद मारलाय, कल्पना आहे का? माझ्या बाबांनी तर माझी टीव्हीवरच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं पाणी तापवायच्या बंबात घातली होती. ते सांगलीच्या तालमीतले, मातीत कुस्ती केलेले. टीव्हीवरची कुस्ती म्हणजे त्यांच्या लेखी नाटकं.

म्हणून परवा ते अमेरिकेत, सांता क्लाराला माझ्याकडे आले, तेव्हा मी हट्टाने त्याच कुस्तीची दोन तिकिटं काढली. एका अमेरिकन कुस्ती-कंपनीचे पैलवान एका जपानी कंपनीच्या पैलवानांशी लढणार होते. एकदा तरी बाबांना ते आवडावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्याच मिनिटाला जपानी पैलवानाची पाठ टेकली. बाबा उठले, टाळ्या वाजवल्या आणि जॅकेट चढवलं.

“चितपट! चल, निघू.”

“बाबा, बसा हो! पंचाने तीन मोजायच्या आत उठला तर चालतं इथे.”

“पाठ लागली म्हणजे लागली. त्यात मोजायचंय काय?”

तेवढ्यात तो जपानी उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. बाबा जॅकेट घालून उभेच. पाचव्यांदा पडला, पंचाने दोन मोजले, आणि बाबाच ओरडले, “ऊठ रे लेका! ऊठ!”

 मागे एक अमेरिकन आजी बसल्या होत्या. मी वळून म्हटलं, “सॉरी, बसवते त्यांना.”

“राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “माझा नवराही माझ्यासमोर असाच उभा राहायचा. चाळीस वर्षांत मला एक मॅच धड दिसली नाही.”