बिजागरी गप्प का झाली?

भाची : मामा, हेडफोन तू लावून बघ. टाकीतल्या माइकवर उपग्रहाच्या हाताचा आवाजच येत नाहीये.

मामा : त्यात काय नवल? चाचणीसाठी टाकीतली हवा काढतोय आपण. हवा नाही तर आवाज नाही, तूच तर शिकवलंस मला.

भाची : काढतोय, काढून झालेली नाही. काटा बघ, निम्मी हवा अजून आत आहे. आतला पंखा मला नीट ऐकू येतोय. मग हाताची बिजागरी तेवढी गप्प कशी? काल तर दारापर्यंत कुरकुरत होती.

मामा : रुळली असेल. नवी वस्तू दोन दिवस कटकट करते, मग गुमान चालते.

भाची : माझ्याकडे बघून सांग. मी जेवायला गेले तेव्हा तू तिला हात लावलास?

मामा : फडक्याने पुसली फक्त.

भाची : फक्त?

मामा : ते फडकं कुठे ठेवलं बरं मी?

भाची : अरे बोल ना! फडकं राहू दे.

मामा : एक थेंब. सुईच्या टोकावर मावेल एवढा. चाळीस वर्षं जे कुरकुरलं त्याला तेल दिलं, हात आपोआप गेला गं.

भाची : तेल? पंप बंद कर. आधी पंप बंद कर!

(पंपाची घरघर थांबते.)

मामा : केला. पण एवढ्याशा थेंबाने काय आकाश कोसळणार आहे?

भाची : हवेचा दाब आहे तोवर तेल जागेवर बसतं. पोकळीत त्याची वाफ होते आणि थंड जागा मिळेल तिथे ती चिकटते. बिजागरीपासून वीतभर अंतरावर काय आहे?

मामा : कॅमेऱ्याची काच.

भाची : ती धुरकटली तर वर जाऊन कोण पुसणार? म्हणून तर बिजागरी कोरडी ठेवली होती.

मामा : आणि तपासणीच्या कागदावर सही तुझी. म्हणजे तेल मी घालायचं आणि नोकरी तुझी जायची.

भाची : ते नंतर. आत हवा सोड, दार उघडू. मास्क वर घे, श्वाससुद्धा काचेवर पडायला नको. बॅटरी लाव, तिरकी धर. अजून तिरकी.

मामा : दिसतंय का काही?

भाची : थांब… नाही. स्वच्छ आहे.

मामा : परत बघ.

भाची : दोनदा बघितलं. वाचलो, मामा. पण बिजागरी सुटी करून धुवावी लागेल. आणि हे वहीत लिहावंच लागेल मला.

मामा : लिही. फक्त मामा म्हणून नको, फिटर म्हणून लिही.

भाची : एक सांग. ती वर कितीही कुरकुरली असती, तरी कोणाला ऐकू जाणार होतं?

मामा : वर नाही गं. मला इथे ऐकू येत होतं.