एकाचे दहा झाले त्या दिवसाबद्दल

माननीय अध्यक्ष ज्ञानदाताई पाटणकर, मराठीचं अक्षरही कळत नसताना दीड तास हसतमुखाने व्यासपीठावर बसलेले या क्लबचे सचिव श्री. डोनल, आजचे सत्कारमूर्ती दिलीप वझलवार आणि सौ. उर्मिलावहिनी, आणि आयर्लंडच्या कानाकोपऱ्यातून, ल्यूकन, किलकेनी, थेट शॅननहून गाड्या हाकत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी पाच जण बोलले. दिलीपच्या ढोलाबद्दल बोलले, त्याच्या हातच्या सावजीबद्दल बोलले. छान बोलले. मला मात्र खरं सांगायचं तर बोलायचा उत्साह नाही. पंधरा वर्षं या मंडळाचा माईक माझ्या हातात आहे आणि आता थकलोय मी. पण दिलीप गुरुवारी नागपूरला कायमचा चाललाय, आणि एक गोष्ट त्याच्यासमोरच बोलायला हवी. साडेपाचला कॅमोगी, म्हणजे इथली हॉकीसारखी काठी-चेंडू, खेळणाऱ्या मुलींना हॉल रिकामा करून द्यायचाय, तेव्हा लांबण लावत नाही.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. दुसऱ्याच्या हॉलचं भाडं भरून कंटाळलो म्हणून बावीस कुटुंबांनी मिळून एक हॉलनिधी काढला होता. आपल्यातले निम्मे लोक औषधांच्या कंपन्यांत, म्हणून पैसे घातले बायोटेकच्या फंडात. तोही साधा नाही, तिप्पट चालीचा. म्हणजे त्या क्षेत्राचे शेअर दिवसात एक टक्का वर गेले की हा तीन टक्के वर, आणि खाली आले की तीन टक्के खाली. खातं माझ्या नावावर. आणि घसरगुंडी झालीच तर पैसे वाचावेत म्हणून दिलीपने एक छोटा प्रोग्राम लिहिला: भाव दोनशे युरोच्या खाली गेला की सगळं विकून मोकळं व्हायचं. किती शहाणपणाची गोष्ट होती!

आपले शंभर शेअर चारशेच्या भावाला पोचले. चाळीस हजार युरो. आणि एक दिवस मला मेल आला की फंडाचं विभाजन होणार, एका शेअरचे दहा होणार.

आता यात आनंद होण्यासारखं काय होतं? पिझ्झाचे चार तुकडे केले काय आणि चाळीस केले काय, पिझ्झा तेवढाच. शेअर हजार झाले, भाव चाळीस झाला, रक्कम तीच. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी हुरळलो. आपल्या मंडळाची पद्धत तुम्हाला माहीत आहे: चांगली बातमी सणाच्या दिवशी, स्टेजवरून, पेढ्यांसकट सांगायची. पाडवा नऊ दिवसांवर होता. मी पूर्णिमाताईंना दीडशे पेढ्यांची ऑर्डर दिली आणि गप्प बसलो. दिलीपलाही सांगितलं नाही.

विभाजनाच्या सकाळी दिलीपच्या प्रोग्रामने भाव पाहिला. चाळीस. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने सगळं विकून टाकलं. चाळीस हजार पुरते हातात आले, पण चढत्या गाडीतून मध्येच ढकलून दिल्यासारखं सगळ्यांना वाटलं.

पाडव्याला पेढे वाटले गेले नाहीत, सभा झाली. दिलीपने सगळ्यांसमोर मला विचारलं, "विक्रांत, काही मेल आला होता का रे?" मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात नाही आला." बस. एवढं एकच वाक्य. दिलीप उठला आणि म्हणाला, "कोड माझा, चूक माझी." पैसे ज्याचे त्याला परत गेले, हॉल राहिला तो राहिलाच. वर्षभरात दिलीप शॅननला नोकरी बघून गेला. आम्ही म्हणालो, चांगली संधी मिळाली.

पुढे फंड चाळीसवरून सहावर आला. कुणी ब्र काढला नाही. मग फंडवाल्यांनी उलटं केलं, दहा शेअरचा एक केला. सहाचा भाव साठ झाला आणि तिथून एकशे ऐंशीवर गेला. आमचे रणजितराव दरवर्षी हिशोब मांडतात: हजार शेअर गुणिले एकशे ऐंशी, दिलीपने एक लाख ऐंशी हजार घालवले! रणजितराव, रागावू नका. त्या हजाराचे पुन्हा शंभर झाले होते. धरून ठेवले असते तर आज हातात अठरा हजार असते. दिलीपच्या त्या "चुकीने" आपले बावीस हजार वाचले.

त्यात विभाजनाचा ना दोष, ना गुण. खाल्लं ते रोजच्या तिपटीने. क्षेत्र शंभरवरून नव्वदला आलं आणि परत शंभरला गेलं, तर शंभरवरचा हा फंड सत्तरला येतो आणि त्र्याण्णववरच अडतो. असं वर्षानुवर्षं. हे गणित मी दोन वर्षांपूर्वीच केलं होतं. तेही बोललो नाही.

गेल्या महिन्यात या समारंभाचं आमंत्रण द्यायला शॅननला गेलो. दारात दिलीपची मुलगी साक्षी म्हणाली, "डॅड्स इन द किचन, ही'ज ग्रँड." म्हणजे मजेत आहे. दिलीप कपबशा खोक्यात भरत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सभेच्या संध्याकाळीच कळलं होतं गड्या. प्रोग्रामचे मेल निधीच्या त्याच इनबॉक्समध्ये यायचे, तो मीही उघडायचो. तुझा मेल उघडलेला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने पेढे सांगितले होतेस. चारचौघांत तुझं तोंड कसं पाडणार?"

मंडळी, त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

ज्ञानदाताई, त्या वर्षीच्या इतिवृत्तात एक वाक्य आहे: "श्री. वझलवार यांच्या निष्काळजीपणामुळे हॉलनिधीचे नुकसान झाले." मंडळाचा सचिव म्हणून ते मीच लिहिलं. ते खोडून तिथे माझं नाव घालावं, असा ठराव मी आत्ता, दिलीप समोर बसलेला असताना मांडतो. अनुमोदन कुणी द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. श्री. डोनल, तुमचेही आभार. बोलताना कुणाचं नाव सुटलं असेल, शब्द अधिकउणा गेला असेल, तर सभेने तो सोडून द्यावा. त्या खोट्याची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही, कारण ती सभेने द्यायची नाही. दिलीप, माफ करशील का रे मला?