एका दमाचं अंतर

मुलगी : ...दादाने आईसाठी बाई शोधलीय, बाबा, एवढंच सांगतेय. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. सोमवारपासून यायला तयार आहे.

वडील : ऐकलं. आता तू हे कार्ड ऐक. शब्दकोशवाल्यांचा माणूस संध्याकाळी ‘एफ’ची पेटी न्यायला येतोय आणि एकच शब्द राहिलाय.

मुलगी : चार वाजले. आईला कुशीवर करायचंय.

वडील : दोन मिनिटं. मोठ्याने वाचल्याशिवाय कार्ड पेटीत जात नाही, ठाऊक आहे ना? ऐकणाऱ्याला नाही कळलं तर फाडायचं. तुझ्या आईनेच घालून दिलेली शिस्त आहे.

मुलगी : मग तिलाच वाचून दाखवा. चार वर्षं मला का ऐकवताय? मला काय करायचेत इंग्रजी शब्द?

वडील : अर्धांगाचा झटका आल्यापासून तिला एक वाक्य बोलायला पाच मिनिटं लागतात. उगाच कशाला दमवायचं तिला?

मुलगी : बरं. वाचा.

वडील : ‘फर्लांग. मैलाचा आठवा भाग. दोनशे वीस यार्ड.’

मुलगी : कळलं. जाऊ?

वडील : असं नाही. काय कळलं?

मुलगी : दोनशे वीस कळले. दोनशेच का नाहीत, ते नाही कळलं. झालं? फाडा.

वडील : अगदी आईसारखी खोड काढतेस. पण बरोबर आहे तुझं. मूळ लिहायचं राहिलंय. शेतातला शब्द आहे हा. जुन्या इंग्रजीत नांगराने ओढलेल्या रेघेला एक शब्द होता, ‘लांब’ला दुसरा. ते दोन जोडले. नांगराच्या एका रेघेची लांबी म्हणजे फर्लांग.

मुलगी : रेघ काय, कितीही लांब ओढता येईल.

वडील : कशी येईल? ओढायला बैल होते. जड, ओली माती. बैल एका दमात जेवढं ओढतील तेवढी रेघ, असं सांगतात. मग थांबायचं, त्यांना दम खाऊ द्यायचा, वळवायचं आणि परत निघायचं. यार्ड वगैरे मोजणं नंतरचं.

मुलगी : म्हणजे आधी बैल दमले, मग माप ठरलं.

वडील : हां! हेच लिहितो.

मुलगी : आणि बैल दमलेत हे कोण ठरवायचं?

वडील : नांगर धरणारा. दुसरं कोण?

मुलगी : त्याला कसं कळायचं?

वडील : कसं म्हणजे? श्वास ऐकू येतो, पाय जड पडतात. मागेच तर चालत असतो तो. लक्ष असलं की कळतं.

मुलगी : बरं.

वडील : अगं, उठताना टेबल काय धरतेस?

मुलगी : कंबर धरलीय.

वडील : कधीपासून?

मुलगी : झाले सहा महिने. दर दोन तासांनी वळवायचं तिला, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा गजर लावून उठते. तुम्ही भिंतीपलीकडेच असता.

वडील : सांगायचं नाही का?

मुलगी : दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, घरचं माणूस असताना परकं कशाला.

वडील : म्हणालो खरा. परक्या बाईने तिला हात लावायचा, हे मला सहनच होत नव्हतं.

मुलगी : मलाही नव्हतं होत. आता मला फक्त झोप हवीय, बाबा.

वडील : दादाला कळव. सोमवारी येऊ दे बाईला.

मुलगी : आज गुरुवार आहे.

वडील : तोपर्यंत मी आहे, आणि रात्रीचा गजर यापुढेही माझाच. तू इथे आडवी हो. कसं वळवायचं ते सांग फक्त.

मुलगी : चार वर्षांत पाहिलं नाहीत?

वडील : पाहवत नव्हतं. खोटं कशाला बोलू? कार्डंही म्हणूनच नेली नाहीत तिच्याकडे. वाचलं आणि ती ‘कळलं’ म्हणालीच नाही तर, याची भीती वाटायची.

मुलगी : खांदा आणि कंबर एकदम धरा. ओढायचं नाही, वळवायचं. पाठीला मोठी उशी, गुडघ्यांमध्ये छोटी. आणि हात लावायच्या आधी सांगा तिला. न सांगता लावला की दचकते.

(आतल्या खोलीत.)

वडील : मी आहे गं. वळवतोय हां. असं... दुखलं का?

आई : उशी.

वडील : हो, गुडघ्यांमधली. विसरलोच. आता बरं वाटतंय?

आई : हं.

वडील : एक कार्ड वाचू? नाही कळलं तर सांग, फाडीन.

आई : वाचा.

वडील : ‘फर्लांग. नांगराला जुंपलेले बैल न थांबता...’

आई : हळू वाचा. पोर... झोपलीय.